घरात सापडलेली जुनी काडतुसे: काय करावे, काय टाळावे

माळ्यावरची पेटी खाली उतरवताना, कपाटाचा मागचा खण रिकामा करताना, कधी जुन्या कोटाच्या खिशात हात घातल्यावर ती सापडतात. बंदूक ज्यांच्या नावावर होती ते आता नसतात, बंदूकही कधीच विकलेली किंवा जमा केलेली असते. मूठभर काडतुसे तेवढी मागे राहिलेली असतात आणि त्यांचे काय करायचे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. कोणी म्हणते कचऱ्यात टाका, कोणी म्हणते खड्डा करून पुरा, कोणी म्हणते तेलात भिजत घाला, आपोआप मरतील. हे तिन्ही सल्ले धोक्याचे आहेत.

काडतूस निकामी करणे हे आपले काम नव्हे, हे आधी मनाशी पक्के करा. ते आहे तसे, कमीत कमी हाताळून, ज्याला ते घेण्याचा अधिकार आणि नष्ट करण्याची सोय आहे त्याच्या हाती पोचवायचे, एवढेच आपण करायचे.

समोर आहे ते नेमके काय

साध्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी मध्यभागी बसवलेली छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बंदुकीची सुई टोपीवर आदळली की टोपीतले स्फोटक पेटते आणि त्याची ज्योत दारूला लागते. पॉइंट टू टू सारख्या लहान काडतुसाला वेगळी टोपी नसते. तिथे हे स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेले असते, म्हणून ती कड ठेचली गेली तरी बार उडू शकतो. छऱ्यांच्या बंदुकीच्या काडतुसाला प्लास्टिकची किंवा जुन्या काळी जाड कागदाची नळी असते आणि गोळीऐवजी आत छर्रे असतात.

जुने म्हणजे मेलेले, हा समज सर्वांत घातक. कोरड्या, थंड जागी ठेवलेली काडतुसे कित्येक दशकांनंतरही पहिल्याच फटक्यात उडतात. आतली दारू कोणती, यावर बरेच अवलंबून असते. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू कोरडी राहिली तर जवळजवळ म्हातारी होतच नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका संग्राहकाचा गृहयुद्धाच्या काळातला तोफगोळा साफ करताना मृत्यू झाला. ते युद्ध १८६५ मध्ये संपले होते.

आजची धूरविरहित दारू १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी आणली. ती नायट्रोसेल्युलोजची असते आणि हे द्रव्य हळूहळू आपणच विघटित होत राहते. त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू शोषून घ्यायला कारखान्यात डायफिनिलअमाइनसारखे स्थिरकारक मिसळतात. वर्षे जातात तसे ते खर्ची पडते आणि उष्णतेत हे फार लवकर होते. मग आम्ल दारूलाही खाते आणि पुंगळीलाही आतून खाते. अशा काडतुसाची ताकद कमी होते, वाढते किंवा नुसतीच बेभरवशाची होते. बाहेरून पाहून यातले काय झाले आहे ते सांगता येत नाही.

पहिली पायरी: हात आवरा, डोळ्यांनी पाहा

मुलांना आणि पाळीव प्राण्यांना खोलीबाहेर काढा. पेटी उपडी करू नका. सिगारेट, उदबत्ती, दिवा काहीही जवळ नको.

आता पाहायचे ते हे: ही साधी बंदुकीची काडतुसे आहेत की लष्करी दारूगोळा? हातबॉम्ब, तोफगोळा, उखळीचा गोळा, सुरुंग, शेपटीला पाती असलेली कोणतीही वस्तू, २० मिलिमीटर किंवा त्याहून जाड धातूची गोळी असलेले काडतूस, यातले काहीही दिसले तर पुढच्या सगळ्या पायऱ्या विसरा. उचलू नका, सरकवू नका, माती झाडू नका. आलात त्याच वाटेने मागे या, इतरांना दूर ठेवा आणि पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. बॉम्बनाशक पथक तिथेच येईल. आजोबांनी आठवण म्हणून आणलेला, शोभेचा म्हणून वर्षानुवर्षे ठेवलेला गोळा आतून रिकामाच असेल असे गृहीत धरू नका. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या शेतांत पहिल्या महायुद्धातले गोळे आजही दर नांगरणीला वर येतात आणि तिथले लष्कर ते आजही गोळा करून नष्ट करते.

गोळीचे टोक रंगवलेले असेल, लाल, नारिंगी, काळे किंवा निळे, तर तेही वेगळे समजा. हे रंग बहुतेक वेळा वाटेत जळत जाणाऱ्या, चिलखत भेदणाऱ्या किंवा आग लावणाऱ्या लष्करी गोळ्यांची खूण असतात. फोनवर हे आवर्जून सांगा.

दुसरी पायरी: आधी फोन, मग हालचाल

बहुतेक देशांत काडतूस बाळगायला परवाना लागतो आणि विनापरवाना ते घेऊन रस्त्याने जाणे हाही गुन्हा ठरू शकतो. म्हणून पिशवीत टाकून थेट पोलीस ठाण्यात जाऊन उभे राहू नका. हेतू कितीही चांगला असला तरी दारात काडतुसे बाहेर काढणारा माणूस कोणालाही दचकवतोच.

ठाण्याच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करा. काय सापडले, साधारण किती, कुठे, कोणाचे असावे, बंदूकही आहे का, हे सरळ सांगा. मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. काडतुसाच्या बुडावर कोरलेली अक्षरे आणि आकडे फोटोत आले तर उत्तम, कारण तिथे कारखान्याची खूण, बऱ्याचदा आकार आणि लष्करी काडतुसांवर अनेकदा बनवल्याचे वर्षही असते. आम्ही येऊन नेतो की तुम्ही आणून देता, हे ते सांगतील. बोलणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

परवानाधारक वारलेला असेल तर हा फोन लांबवू नका. "सापडल्याबरोबर कळवले" ही वारसाची सर्वांत भक्कम बाजू असते. काही ठिकाणी प्रश्न न विचारता जमा करून घेण्याची मुभा असते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२१ पासून अशी मुभा कायमची आहे, इतरत्र ती ठरावीक मुदतीपुरती जाहीर होते. फोनवर त्याबद्दलही विचारा.

तुमच्याकडे चालू परवाना असेल तर आणखी दोन दारे उघडी असतात: परवानाधारक शस्त्रविक्रेता आणि नेमबाजी केंद्र. अनेक केंद्रांत न उडालेल्या काडतुसांसाठी वेगळी पेटीच ठेवलेली असते. पण तिथेही आधी विचारून मगच न्या.

तिसरी पायरी: निवड, तीही तुम्हाला कळत असेल तर

काडतुसांशी आयुष्यात संबंध आला नसेल तर ही पायरी सोडून द्या. सापडली त्याच डब्यात राहू द्या.

जाणकार असाल तर हातमोजे घालून बिघडलेली बाजूला काढा. हिरवट-निळसर थर चढलेली, पुंगळीच्या मानेला चीर गेलेली, गोळी हलत असलेली किंवा आत रुतलेली, कागदी नळी फुगलेली, दारू झिरपलेली, आंबूस उग्र वास येणारी. टोपीवर खळगा असूनही गोळी जागेवर असेल तर ते एकदा फुसके निघालेले काडतूस आहे. त्याची टोपी मार खाऊन बसली आहे, त्यामुळे ते सर्वांत जपून हाताळायचे. थर घासून काढू नका, तेल लावू नका, चकाकी आणायचा मोह नको.

पितळेच्या चिरेमागे एक जुनी गोष्ट आहे. ब्रिटिशांच्या फौजा भारतात पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत साठवत आणि ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया वळवून ताणलेल्या पितळेला चिरा पाडतो, हे १९२१ मध्ये उलगडले. म्हणजे जनावरांच्या गोठ्यापाशी किंवा अमोनियायुक्त सफाईद्रव्याशेजारी ठेवलेले काडतूस वरून चकचकीत दिसले तरी मानेशी तडकलेले असू शकते.

मिसळलेला डबा म्हणजे वेगळीच आपत्ती. बोअर हे छऱ्यांच्या बंदुकीच्या नळीचे माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद. त्यामुळे २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत आत घसरून अडकते. नळी रिकामी वाटते, मागून १२ बोअरचे घातले जाते, चाप ओढला जातो आणि नळी हातात फुटते. म्हणूनच आज २० बोअरची काडतुसे सर्रास पिवळी बनवतात, पण जुन्या डब्यातल्या काडतुसांना हा नियम लागू असेलच असे नाही. वारशात आलेली, कुठली कशी ठेवली ते माहीत नसलेली काडतुसे स्वतःच्या बंदुकीत घालून "संपवून टाकू" असे म्हणू नका. वाचलेल्या चार पैशांसाठी डोळा किंवा बोटे पणाला लावण्यात शहाणपण नाही.

चौथी पायरी: बांधणे आणि नेणे

मूळ खोके असेल तर त्यातच ठेवा. नसेल तर पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्यात मऊ कापड किंवा कागद घालून काडतुसे अशी लावा की एकाचे टोक दुसऱ्याच्या टोपीला टेकणार नाही. घट्ट बंद लोखंडी डबी किंवा पाइप वापरू नका. आत काही पेटलेच तर दाब कोंडून ती डबीच बॉम्ब होते. खोक्यावर आत काय आहे ते ठळक लिहा.

बिघडलेल्यांचे खोके वेगळे. बंदूक असेल तर ती रिकामी आणि वेगळी. सांगितलेल्या वेळी घरून निघा, मध्ये कुठे थांबू नका, उन्हात उभ्या गाडीत खोके ठेवू नका. टपालाने किंवा कुरिअरने पाठवू नका. बस-रेल्वेने नेण्याआधी विचारा. प्रवासाची बॅग भरताना सगळे कप्पे उलटे करून पाहा, कारण विमानतळावर खणात विसरलेल्या एका काडतुसानेही माणूस मोठ्या अडचणीत येतो.

जमा केल्यावर पोचपावती मागा: संख्या, प्रकार, तारीख, सही-शिक्का. परवान्यावर नोंद होत असेल तर तीही करून घ्या. हा कागद जपून ठेवा.

आता ते तीन सल्ले

कचऱ्यात टाकलेले काडतूस कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडले जाते किंवा भट्टीत जाते. दोन्हीकडे सफाई कामगार उभा असतो आणि त्याला काहीच कल्पना नसते. मला हा सगळ्यात अक्षम्य प्रकार वाटतो.

पुरल्याने काडतूस संपत नाही, फक्त पुढच्या कोणाच्या तरी कुदळीखाली जाते. शिवाय शिसे मातीत आणि पाण्यात उतरते. १२ बोअरच्या एका काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छर्रे असतात. तळ्यात किंवा नदीत टाकले तर पाणपक्षी ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात.

भिजवण्याचा उपाय तर फसवाच. टोपीच्या कडेला आणि गोळीच्या मुळाशी अनेकदा लाखेसारखा लेप असतो. पाण्यात किंवा तेलात काही दिवस राहूनही अनेक काडतुसे उडतात. भिजवून तुम्हाला मिळते ते मेलेय की जिवंत हे न कळणारे काडतूस.

विस्तवात टाकण्याचा विचारही नको. बंदुकीबाहेर पेटलेल्या काडतुसाची गोळी फार लांब जात नाही, पण पुंगळीच्या चिंधड्या आणि टोपी जोरात उडतात, डोळा जाण्याइतक्या. घराला आग लागली आणि आत काडतुसे असतील, तर अग्निशमन दलाला सर्वांत आधी हे सांगा. गोळी उपटून दारू ओतून घेणे, ड्रिल मारणे, पकडीने चिमटणे हे तर मुळीच करू नका.

रिकाम्या पुंगळ्या

या भंगारात जाऊ शकतात, चांगल्या पितळेला किंमतही असते. मात्र प्रत्येक पुंगळी एकेक करून तोंडातून बुडापर्यंत पाहावी लागते. टोपीवर खळगा आहे म्हणजे बार झाला असे नव्हे. शिवाय गोळी नसलेले, तोंड चुणीसारखे मिटलेले आवाजी काडतूस पुंगळीसारखे भासते, पण आत दारू भरलेली असते आणि जवळून ते जीवही घेऊ शकते. एकाबद्दलही शंका असेल तर ते जमा करायच्या खोक्यात.

काम झाल्यावर हात साबणाने धुवा, तोपर्यंत तोंडाला लावू नका. शिशाची भुकटी बोटांवर असते. ज्या फडक्यावर काडतुसे ठेवली होती ते घरातल्या कपड्यांत टाकू नका. आणि त्या कोटाचे बाकीचे खिसे, अस्तराच्या आतला सुद्धा, दारूगोळ्याची पेटी होती त्या खणाचा तळ, शेजारची ट्रंक, एकदा नीट चाचपून घ्या. एक सापडले तिथे बहुधा दुसरेही असते.