नवख्यांसाठी लिनक्स: डिस्ट्रो कसा निवडावा आणि तो बिघडल्यास काय करावे

लिनक्सचा डिस्ट्रो, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्सची तयार आवृत्ती, निवडताना नवखा माणूस बहुधा आधी त्याचे रूप पाहतो. पण रूप नंतर केव्हाही बदलता येते, म्हणून आधी पाहायचे ते वेगळेच असते: एखाद्या सकाळी संगणक सुरूच झाला नाही, तर कालच्या चालू स्थितीत किती सहज परतता येईल?

या कसोटीवर माझी पहिली पसंती लिनक्स मिंटला आहे. तो उबंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या, आवृत्तीवर उभा आहे. ही आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. शिवाय यंत्रणेची जुनी स्थिती जपून ठेवणारे टाइमशिफ्ट हे साधन मिंटमध्ये आधीपासूनच असते. फेडोराही उत्तम आहे, पण त्याची प्रत्येक आवृत्ती सुमारे 13 महिनेच सांभाळली जाते. आर्चमध्ये नवे सॉफ्टवेअर अखंड येत राहते आणि त्यातून उद्भवणारी दुरुस्ती वापरणाऱ्याने स्वतः करावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे सुरुवातीला तो टाळावा. मिंटच्या तीन रूपांपैकी सिनॅमन बहुतेकांना मानवते. संगणक जुना आणि मेमरी बेताची असेल, तर एक्सएफसीई घ्यावे.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करण्यासाठीची संपूर्ण प्रत, अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि तिचा एसएचए-256 आकडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली की नाही हे दाखवणारी खूण, तेथे दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. नंतर एचर किंवा रूफससारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही यात पुसले जाते. या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की डिस्कला हात न लावता मिंट वापरून पाहता येतो. निदान तासभर तो तसाच वापरावा: वायफाय जोडावे, आवाज तपासावा, लॅपटॉप मिटून पुन्हा उघडावा. पडदा काळाच राहिला, तर सुरुवातीच्या मेनूतील कंपॅटिबिलिटी मोड निवडावा. इन्स्टॉल करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, कारण ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय शब्दशः तेच करतो.

इन्स्टॉल झाल्यावर त्याच दिवशी टाइमशिफ्ट उघडून पहिला स्नॅपशॉट, म्हणजे यंत्रणेच्या त्या वेळच्या स्थितीची प्रत, घ्यावा आणि पुढे रोजचे दोन-तीनच ठेवावेत. स्नॅपशॉट साठून डिस्क तुडुंब भरणे हाही एक बिघाडच ठरतो. टाइमशिफ्ट यंत्रणेच्या फाइली जपते, तुमची छायाचित्रे आणि कागदपत्रे एरवी त्यात येत नाहीत, म्हणून त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

आता बिघाडाकडे वळू. माझ्या लॅपटॉपची बॅटरी एकदा अपडेट चालू असतानाच संपली आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहिली. घाईघाईने सगळे पुन्हा इन्स्टॉल करण्याचा मोह अशा वेळी होतो, तो आवरावा. संगणक सुरू होताना एस्केप कळ, किंवा बायोस ही सुरू होण्याची जुनी पद्धत असलेल्या संगणकावर शिफ्ट कळ, दाबली की ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू दिसतो. एस्केप अनेकदा दाबल्यास मेनूऐवजी ग्रबची कोरी आज्ञा-ओळ समोर येते. तसे झाल्यास पुन्हा सुरू करून एकदाच दाबावी. मेनूतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचे कर्नल, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या, असतात. जुन्या कर्नलवर संगणक व्यवस्थित चालला, तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे असे समजून अपडेट मॅनेजरमधून तो काढून टाकावा. माझ्या बाबतीत मात्र पॅकेजेसच, म्हणजे अपडेटमधून येणारे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, अर्धवट राहिली होती. तेथील रिकव्हरी मोडमधला ‘डीपीकेजी’ पर्याय निवडल्यावर ती पूर्ण झाली.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा परत येणे. याचे एक कारण भरलेली डिस्क असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबून मजकुराचा पडदा उघडावा आणि लॉगिन करावे. पासवर्ड टंकताना ठिपकेही दिसत नाहीत, म्हणून गोंधळू नये. ‘डीएफ -एच’ ही आज्ञा, अर्थातच रोमन अक्षरांत, दिल्यास प्रत्येक विभाग किती भरला आहे ते कळते. मुख्य विभाग 100 टक्के दिसला, तर ‘सुडो ॲप्ट क्लीन’ने उतरवलेल्या पॅकेजेसच्या प्रती जातात आणि निदान लॉगिनपुरती जागा बहुधा मोकळी होते.

संगणक कशानेच सुरू होईना, तर तोच जुना पेनड्राइव्ह लावावा, त्यावरून मिंट सुरू करून टाइमशिफ्ट उघडावे, डिस्क निवडावी आणि बिघाडाच्या आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट परत आणावा. त्यामुळे इन्स्टॉल झाल्यावर पेनड्राइव्ह पुसून गाणी भरायला घेऊ नये. त्यावर नाव लिहून तो खणात ठेवावा.