कोयता लावण्याआधी पाला मोजा: खानदेशातल्या शेळीपालकांसाठी दिवाळीआधीचं काम

पाऊस माघारी गेला. खानदेशच्या माळावर आणि सातपुड्याच्या उतारावर अंजन, धावडा, हिवर आत्ता पाल्याने भरून उभे आहेत. हातात दोन-तीन आठवडे आहेत. थंडी पडली की धावडा तांबडा होऊन झडू लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजनही थोडे दिवस उघडा पडतो. त्याआधी उन्हाळ्यात शेळ्यांना झाडांचा पाला किती पुरेल, याची मोजणी उरकून घ्या.

दर वर्षी हे सांगतो, कारण दर वर्षी तेच पाहतो. "माळावर झाडं रग्गड आहेत" म्हणत पौषातच शेंड्यापर्यंत छाटणी सुरू होते. फाल्गुन सरेपर्यंत झाडाचा खराटा होतो आणि वैशाखात गाभण शेळी मिळेल त्या भावाने बाजारात जाते. झाडं सगळ्यांनी मोजलेली असतात, पाला कुणीच मोजलेला नसतो.

खोडाच्या जाडीवर तर मुळीच जाऊ नका. राखलेल्या झाडाचा घेर वाढतो तसा पालाही वाढतो, पण चराईच्या रानात हे गणित फसतं. वर्षानुवर्षं छाटलेल्या अंजनाचं खोड कवेत मावत नाही आणि वर पाहावं तर चार डहाळ्या. शिवाय शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाच फुटांपर्यंतचं आधीच खाऊन गेलेली असते. तेवढा भाग हिशेबात धरूच नका.

फांद्या मोजा. अंगठ्याएवढी जाड फांदी हे आपलं माप. झाडाभोवती फिरून पाच फुटांच्या वर अशा किती आहेत ते मोजा. मनगटाएवढी फांदी आली तर तिला पुढे अंगठ्याएवढ्या किती फुटल्यात ते धरा. मग तीन फांद्या आकडीने उतरवा: एक उन्हाच्या बाजूची, एक सावलीची, एक मधली. पाला ओरबाडून पोत्यात भरा, पोतं काट्याला लटकवा, रिकाम्या पोत्याचं वजन वजा करा. समजा ३००, ४२० आणि ३६० ग्रॅम भरला. सरासरी ३६०. झाडावर अशा ७० फांद्या असतील तर ओला पाला साधारण २५ किलो.

इथवर येऊन लोक थांबतात आणि फसतात, कारण ओल्या पाल्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. एक किलो पाला सावलीत वाळवा, वजन उतरायचं थांबलं की पुन्हा तोला. ४०० ग्रॅम उरला तर त्या २५ किलोंचे १० किलो. त्यातला निम्माच तोडायचा, म्हणजे हाती ५ किलो.

आता खाणारी तोंडं. शेळीला रोज वजनाच्या तीन ते चार टक्के कोरडा चारा लागतो. ३० किलोच्या शेळीला एक किलो धरा, त्यातला निम्मा झाडपाल्याचा. दहा शेळ्यांना रोज ५ किलो. म्हणजे रोज एक झाड, आणि शंभर दिवसांना शंभर झाडं! वीस-पंचवीस झाडांच्या भरवशावर उन्हाळ्यात उतरणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या झाडाचे तुम्हीच काढा, जातीगणिक वेगळे काढा.

मोठ्या माळासाठी ३३ फूट रुंद, ३३० फूट लांब पट्टा दोरीने आखा आणि त्यातली झाडं याच रीतीने मोजा. तो दहा गुंठे होतो, चार पट्टे म्हणजे एकर. एक पट्टा गावालगत, एक लांबचा घ्याच. गावाजवळचं रान नेहमी जास्त ओरबाडलेलं असतं.

माझा अनुभव असा की अंजनाला शेंगांचा बहर आला की त्या वर्षी पाला हलका भरतो. अशा वर्षी मी अंदाजातून चौथा हिस्सा कमी करतो.

तोडताना:
- वरचा तिसरा हिस्सा राखा
- आधी खालून चीर, मग वरून घाव. साल सोलता कामा नये
- यंदा तोडलेलं झाड पुढच्या वर्षी सोडा
- पाला सावलीत कुरकुरीत वाळवून पोत्यात. बुरशी आलेला टाकून द्या
- राखीव जंगलात परवानगीशिवाय फांदी तोडणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे

बांधावर सुबाभूळ असेल तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका. त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी द्रव्याने केस गळतात. गाई-बैलांच्या वाळल्या कडब्याला युरिया प्रक्रिया चालते: १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, हवाबंद २१ दिवस. सहा महिन्यांखालच्या वासराला हा चारा नको.

उन्हाळ्यात दुकानदार टॉनिकच्या बाटल्या आणि महागडी पेंड पुढे करतो. उपाशी शेळीला टॉनिकने काय होणार? शेळीमागे रोज दहा ग्रॅम खनिज मिश्रण आणि चाटायला मीठ पुरे. तो पैसा ओल्या कडवळाच्या, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीच्या, बियाण्याला ठेवा.

बाकी कामं:
- लाळ्या-खुरकूत लस
- जंतनाशक, वजन करूनच
- गोठ्याची फट बुजवणं

मोजणी करून पाला कमी भरला तर आजच ठरवा: जास्तीचे बोकड दिवाळीच्या आसपास विका, अजून अंगावर मांस आहे तोवर. कडबाही आत्ताच बोलून ठेवा. होळीनंतर त्याचा भाव तुमच्या हातात राहत नाही.