स्टिक ड्रिफ्ट: कंट्रोलर उघडण्याआधी आकडे बघा

हात न लावताही गेममधला कॅमेरा डावीकडे सरकतो, मेन्यूतला कर्सर आपोआप खाली घरंगळतो. अंगठ्याने फिरवायची दांडी म्हणजे स्टिक, आणि तिची ही खोड म्हणजे ड्रिफ्ट. हे दिसलं की बहुतेक जण एकतर नवा कंट्रोलर मागवतात, नाहीतर एखादा व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतात. दोन्हीत घाई होते. ड्रिफ्ट हे तापासारखं लक्षण आहे. त्यामागे तीन-चार वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

प्लेस्टेशनचे ड्युअलशॉक ४ व ड्युअलसेन्स आणि एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर यांच्या प्रत्येक स्टिकला तिची जागा मोजणारे दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा धातूचा ब्रश, एवढाच मामला. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर व्हायची ती याच रचनेमुळे. स्टिक कुठेही न्या, परत येते ती मध्यावर. त्यामुळे झीज सगळ्यात जास्त मध्याजवळ होते आणि झिजलेल्या कार्बनची भुकटीही तिथेच साचते. निन्टेंडोच्या स्विच कन्सोलच्या जॉय-कॉन कंट्रोलरमधली स्टिक चपटी आणि वेगळ्या बांधणीची आहे, पण घासण्याचं तत्त्व तेच.

आधी पाच मिनिटांची तपासणी

कंट्रोलर केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि ब्राउझरमध्ये कुठलंही गेमपॅड टेस्टर पान उघडा. एखादं बटण दाबलं की आकडे दिसू लागतात. प्रत्येक अक्ष −१ ते १ असा मोजला जातो आणि मध्य म्हणजे ०. ड्युअलशॉकवर स्थिर स्टिकलाही ०.००३९२ दिसलं तर घाबरू नका. हा कंट्रोलर ० ते २५५ अशा २५६ पायऱ्यांत मोजतो आणि सम संख्येला नेमका मध्य नसतो. १२७ किंवा १२८ यांपैकी एक घ्यावा लागतो, त्याचा हा उरलेला कण.

आता कंट्रोलर टेबलावर ठेवून हात काढा आणि अर्धा मिनिट आकडे बघा. मग स्टिक पूर्ण डावीकडे नेऊन पटकन सोडा आणि ती कुठे थांबली ते लिहून घ्या. उजवीकडून, वरून, खालून असंच करा, प्रत्येक दिशेला निदान दहा वेळा. कागदावर लिहाच. डोक्यात ठेवलेले आकडे तिसऱ्या दिशेला गोंधळतात.

आकडा दरवेळी एकाच ठिकाणी, समजा ०.०६ वर, शांत बसत असेल तर पट्टी ठीक आहे, फक्त मध्य चुकला आहे. हे काम कॅलिब्रेशनचं, म्हणजे कंट्रोलरला खरा मध्य पुन्हा शिकवण्याचं. कंट्रोलर उघडूच नका.

डावीकडून सोडल्यावर −०.०९ आणि उजवीकडून सोडल्यावर ०.०८ असं येत असेल, म्हणजे ज्या बाजूने आली त्याच बाजूला ती अडकून राहत असेल, तर मध्यावर आणणारी स्प्रिंग किंवा तिच्या खालची यंत्रणा सैल झाली आहे. इथे सफाईसाठी कितीही अल्कोहोल ओता, फरक पडणार नाही. सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती याच ठिकाणी.

हात न लावता आकडा थरथरत असेल, ०.०२ वरून अचानक ०.४० वर उडी मारून परत येत असेल, तर पट्टीवर भुकटी तरी आहे किंवा पट्टी झिजली तरी आहे. भुकटी असेल तर सफाईने सुटका होते. झीज असेल तर आठवडाभराने तेच पुन्हा सुरू.

स्थिर राहूनही ०.०३ ते ०.०५ पर्यंतचा फरक बहुतेक गेम गिळून टाकतात. वापरलेल्या कंट्रोलरमध्ये तो असणारच.

डेडझोन: प्रथमोपचार, पण फुकट नाही

डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचा असा भाग जिथली हालचाल गेम मोजतच नाही. तपासणीत सर्वाधिक जो आकडा आला त्यात ०.०२ मिळवा आणि तेवढाच डेडझोन ठेवा. ०.०७ आला असेल तर ०.०९. धास्तीने ०.२५ लावलात तर बारीक नेम धरण्याची जागाच हरवते. कॉल ऑफ ड्यूटीसारख्या गेममध्ये डाव्या आणि उजव्या स्टिकचा डेडझोन वेगवेगळा ठेवता येतो. पीसीवर गेममध्ये सोय नसेल तर स्टीम या गेमच्या ॲपच्या कंट्रोलर सेटिंग्जमध्ये बघा. स्विचवर ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’मध्ये स्टिक कॅलिब्रेट करण्याची सोय आहे.

गेम बनवणाऱ्यांकडे बोट दाखवावं अशी जागा हीच. विंडोजवर गेमला कंट्रोलरचे आकडे पुरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुट प्रणालीत स्टिकचा आकडा −३२७६८ ते ३२७६७ असा येतो आणि डेव्हलपरांना सुचवलेला डेडझोन आहे डाव्या स्टिकला ७८४९, उजवीला ८६८९. म्हणजे जवळपास २४ आणि २६.५ टक्के! सुचवलेला आकडा जसाच्या तसा उचलून वर सेटिंगही न देणारा गेम नव्या कोऱ्या कंट्रोलरचीही पाव चाल खाऊन टाकतो. त्यातून डेडझोन संपल्यावर वेग शून्यापासून सुरू व्हायला हवा. ते गणित केलेलं नसेल तर स्टिक थोडी पुढे नेताच कॅमेरा धक्का देऊन उडतो.

दुसरी खोड आकाराची. काही गेम दोन्ही अक्षांचा डेडझोन वेगवेगळा कापतात. त्यात स्टिक उजवीकडे नेऊन किंचितच वर झुकलेली धरलीत तर नेम सरळ आडव्या रेषेत जाऊन चिकटतो. ओळखायला सोपं आहे: एखाद्या भिंतीवर नेम धरून हळूहळू गोल काढा. गोलाऐवजी कोपरे असलेली आकृती निघाली तर दोष कंट्रोलरचा नाही, गेमचा आहे.

सफाई

वॉरंटी शिल्लक असेल तर इथेच थांबा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. नसेल तर सामान जमवा: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचे इअरबड, प्लास्टिकची पातळ पट्टी, चिमटा आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत हे सगळं मिळतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. सॅनिटायझर तर नकोच, त्यातलं ग्लिसरीन पट्टीवर चिकट थर सोडतं. दरवाजाच्या बिजागरीवर मारायचा तेलकट स्प्रेही नको: दोन दिवस सुरळीत चालतं आणि मग त्याच तेलाला धूळ चिकटून बसते.

न उघडता करायचा उपाय आधी करून बघा. कंट्रोलर बंद करा, स्टिक एका बाजूला झुकवून तिच्या घुमटाच्या कडेला अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा, वीस-तीस वेळा गोल फिरवा आणि निदान अर्धा तास सुकू द्या. पोटेन्शिओमीटर स्टिकच्या बाजूला बंद डबीत असतो, त्यामुळे थेंब तिथवर पोचेलच असं नाही. लागला तर लागला.

उघडायचंच ठरलं तर ड्युअलशॉक ४ सोपा. मागचे चार फिलिप्स स्क्रू काढा आणि मुठींच्या टोकाकडून कवच सैल करत या. दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारी एक छोटी रिबन केबल असते. जोर लावून कवच ओढणारा ती हमखास फाडतो. एल२ आणि आर२ या ट्रिगर बटणांच्या स्प्रिंगा उडतात, म्हणून काम मोठ्या ताटात करा. बॅटरीचा कनेक्टर त्याच्या प्लास्टिकला धरून काढा, वायर ओढू नका. मग बोर्डाचा एकुलता एक स्क्रू आणि टचपॅडची रिबन काढा. कंपन मोटारी वायरींनी बोर्डाला जोडलेल्या असतात, त्यांच्यासकट बोर्ड उचला. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला मात्र मध्ये छिद्र असलेला टी८ टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर) लागतो आणि पाचवा स्क्रू बॅटरीच्या खोबणीतल्या लेबलखाली लपलेला असतो. चार काढून पाचवा विसरलेलं कवच कितीही उचकटलं तरी निघत नाही, आणि तडा जातो तो याच वेळी.

बोर्ड उलटवला की स्टिकच्या धातूच्या चौकटीला लागून दोन डब्या दिसतील. आडव्या अक्षाची एक, उभ्याची दुसरी. कुठली कशाची हे कळत नसेल तर स्टिक डावी-उजवी हलवा: जिच्या आतली चकती फिरते ती आडव्या अक्षाची. दोषी तेवढीच उघडा. डबीचे खटके पातळ पट्टीने सोडवून तिला बाहेरच्या बाजूला थोडंसं झुकवा. तिचे तीन पाय बोर्डाला पक्के जोडलेले असतात, त्यामुळे पूर्ण आडवी केलीत किंवा तीन-चार वेळा मागेपुढे केलीत तर पाय तुटतो. आत पांढरी चकती आणि तिच्यावर ब्रशचे केसासारखे पितळी दात दिसतील. चकती चिमट्याने काढा, पट्टी आणि दात अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. इअरबडवर काळं येईल, तीच ती भुकटी. पण काळ्या पट्टीत खालचा तपकिरी थर उघडा पडलेला दिसला तर सफाई बंद करा. तो भाग बदलायचाच आहे. दात वाकवून दाब वाढवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. तिने तात्पुरता गुण येतो, पण वाढलेल्या दाबाने उरलेली पट्टी आणखी लवकर खरवडली जाते.

स्टिक बदलणं

जॉय-कॉनमध्ये स्टिक रिबनने जोडलेली असते, डाग (सोल्डरचे सांधे) काढायची भानगड नाही. तीन टोकांचा वाय स्क्रू ड्रायव्हर, बारीक फिलिप्स आणि संयम, एवढं पुरतं. ड्युअलशॉक, ड्युअलसेन्स, एक्सबॉक्स यांच्यात मात्र स्टिकचे चौदा डाग सोडवावे लागतात: दोन पोटेन्शिओमीटरचे सहा, दाबाच्या बटणाचे चार आणि चौकटीचे चार. पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात धरणाऱ्याने हे काम चांगल्या कंट्रोलरवर शिकू नये.

कारखान्यातलं शिसंविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं. आपलं ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ ला. म्हणून प्रत्येक डागावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा लेप) आणि थोडं शिशाचं सोल्डर चढवा, मग आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवून वितळलेलं सोल्डर पंपाने ओढून घ्या. चौकटीचे पाय आणि ग्राउंडचे डाग उष्णता पिऊन टाकतात, तिथे रुंद टोक वापरा. स्टिक हलक्या हाताने डुलवून बघा. एखादा पाय अजून धरून असेल आणि तुम्ही ओढलंत, तर छिद्राचं तांब्याचं अस्तर पायाबरोबर उपटून येतं. मग नवी स्टिक बसवूनही तो अक्ष मेलेलाच राहतो.

नवी बसवताय तर पुन्हा पोटेन्शिओमीटरच घ्यायचा की हॉल इफेक्ट? हॉल सेन्सर चुंबकाच्या क्षेत्रावरून जागा ओळखतो, घासण्यासारखं काही नसतं. हे तंत्र काही कालपरवाचं नाही. सेगाने १९९६ सालच्या सॅटर्नच्या थ्रीडी पॅडमध्ये आणि नंतर ड्रीमकास्टमध्येही ते वापरलं होतं. आज एटबिटडो, गेमसर, गुलीकिटसारख्या कंपन्या असे कंट्रोलर विकतात. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या जॉय-कॉनमध्ये मात्र हॉल स्टिक नाहीत, हे निन्टेंडोनेच सांगितलं आहे. खेळणाऱ्यांची चिडचिड होते ती म्हणूनच. टीएमआर हाही चुंबकीच प्रकार, वीज कमी घेतो. पण स्प्रिंग या दोघांतही असते आणि ती सैल होतेच. ‘आयुष्यभर ड्रिफ्ट नाही’ ही जाहिरात तेवढ्यापुरतीच खरी. स्टिकचं मॉड्यूल (स्टिकचा पूर्ण सुटा भाग) घेताना ते नेमकं आपल्याच मॉडेलसाठी आहे ना, हे बघा.

सगळे स्क्रू लावायच्या आधी बॅटरी जोडून टेस्टर उघडा. नव्या स्टिकचा मध्य सहसा चुकलेलाच असतो. अस्सल ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्ससाठी क्रोममध्ये चालणारी मोफत कॅलिब्रेशन पानं आहेत, नकली कंट्रोलरवर ती चालत नाहीत. आधी तात्पुरतं कॅलिब्रेशन करा, चारही दिशांची सोडण्याची चाचणी पुन्हा घ्या आणि आकडे कागदावरच्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा. पटलं तरच ते कायमचं साठवा. मग स्टिक कडेकडेने सावकाश गोल फिरवा: चारही बाजूंना आकडा १ पर्यंत पोचला पाहिजे. एका बाजूला ०.८५ वरच अडत असेल तर मॉड्यूल तिरकं बसलं आहे. चौकटीचा एक पाय पुन्हा तापवून ते बोर्डाला सपाट टेकवा आणि कॅलिब्रेशन पहिल्यापासून करा.