समोरच्याचा विमाच नसेल तर? कोकणातल्या गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यातल्या प्रत्येक गाडीचा विमा चालू असेल असं समजणं भोळेपणाचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तरीही वाडीतून बाजारापर्यंतच जायचंय म्हणून मुदत संपलेल्या कागदांवर फिरणारी दुचाकी कोकणात कुठल्याही गावात सापडेल. अमेरिकेत बिनविम्याच्या चालकापासून वेगळं संरक्षण विकत मिळतं. आपल्या पॉलिसीत त्या नावाचं काहीच नाही. तेच काम वेगवेगळे तुकडे जोडून करून घ्यावं लागतं, आणि घोळ तिथेच होतो.

“चूक त्याची, पैसे तोच देईल”

सगळ्यात महाग पडणारा समज हा. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर ती दुसऱ्याचं नुकसान भरते. तुमच्या गाडीचा पत्राही नीट करून देत नाही. समोरच्याचा विमा नसेल तर भरपाई त्याच्या मालकाच्या खिशातून काढावी लागते. दावा जिंकाल, पण ज्याने विम्याचा हप्ता भरला नाही त्याच्याकडून दोन लाख वसूल कसे करणार?

म्हणून ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा हवा. चूक कुणाची, समोरच्याकडे विमा आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रात्री महामार्गावर बसलेल्या गुरांचा तर विमा कुणीच काढत नाही. तिथेही हाच भाग कामी येतो. प्रत्येक दाव्यातून कापली जाणारी अनिवार्य वजावट (कारला १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यापुढे २,०००) आणि घसारा तुमच्या माथी राहतो. प्लास्टिक-रबराच्या भागांवर तो ५० टक्के धरतात, त्यामुळे नव्या गाडीला ‘झिरो डेप’ (घसारा न कापणारी जोड) घेणं मला पटतं. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते, चूक समोरच्याची असली तरीही. हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसाच आहे. बंपरला नुसता ओरखडा असेल तर आधी हिशेब मांडा.

“तीन वर्षांचा विमा आहे ना!”

सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो, दुचाकीला पाच. पण ओन डॅमेजची मुदत पुष्कळदा एकच वर्षाची असते. पॉलिसी काढून दोन्ही तारखा आजच वेगवेगळ्या वाचा. खंड पडला की गाडीची तपासणी होऊनच विमा पुन्हा मिळतो, आणि ९० दिवस उलटले की बोनसही जातो.

“पोलिसांत कित्याक? हयच मिटवया”

कोकणात हे वाक्य अपघातानंतर पाच मिनिटांत ऐकू येतं. समोरचा ओळखीचा निघतो, नाहीतर ओळखीच्याचा मेव्हणा. मग पाच हजार हातावर ठेवले जातात आणि कागदावर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं जातं. त्या कागदाने दोन बाजूंनी घात होतो. तुमचा ओन डॅमेजचा दावा दिल्यावर तो पैसा दोषी माणसाकडून वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तुम्ही तो हक्कच लिहून सोडून दिलात तर कंपनी दाव्यात आडकाठी घालू शकते. दुसरं म्हणजे अंगाला लागलेलं त्या दिवशी कळतच नाही. मान आखडली म्हणून घरी शेकत बसलेल्या माणसाला आठवड्याने एक्स-रेत हाड दुखावलेलं दिसतं, तोवर तक्रार नसल्याची सही होऊन गेलेली असते. चूक तुमची असली तरी तिथल्या तिथे कबुली किंवा पैशाचं वचन देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तसं करू नये, अशी पॉलिसीत अटच असते.

भांडण टाळायचंय ना, जरूर टाळा. पण आधी दोन्ही गाड्यांचे नंबरासह फोटो घ्या. जवळचा किलोमीटरचा दगडही फोटोत येऊ द्या, कारण घाटात नेटवर्क नसेल तर नकाशावर जागा दाखवता येत नाही. रेंज आली की एमपरिवहन ॲपवर त्याच्या नंबरावरून विम्याची मुदत पाहा. कुणाला लागलं असेल तर पोलिसांत नोंद हवीच. कंपनीला लगेच कळवा, आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर बघेपर्यंत गॅरेजवाल्याला बॉनेट उघडू देऊ नका, तो कितीही हुशार असला तरी.

कागद आहे, पण अपुरा

जखम किंवा मृत्यूच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेला मात्र आहे: सहसा कारच्या पॉलिसीत साडेसात लाख, दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख. दुचाकीवाल्याने तुमची महागडी गाडी ठोकली तर तो लाख कुठल्या कुठे जाईल. परवाना नसलेला चालक, पांढऱ्या पाटीची (खासगी) गाडी भाड्याने फिरवणं, अशा प्रकरणांत कंपनी हात वर करते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालानंतर परवान्याच्या वादात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला ‘आधी तिऱ्हाइताला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असं सांगू शकतं. पण वाट बघावी लागते.

गाडीतल्या माणसांचा विसर

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. दवाखान्याचं बिल त्यातून निघत नाही, आणि वैध परवाना नसेल तर तोही नाही. मागे बसलेल्या आई, काकी, पोरांसाठी प्रवाशांचा अपघात विमा वेगळा मागून घ्यावा लागतो. बिलासाठी घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा हाच खरा आधार. शिवाय २०२५ पासून अपघातग्रस्ताला केंद्राच्या योजनेतून ठरावीक रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळू शकतात.

“गाडी पळाली, आता काय!”

ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. वाहन सापडलं आणि ते बिनविम्याचं निघालं, तर ही वाट बंद. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, तेही कायद्यानुसार सहा महिन्यांच्या आत. चाकरमान्यांनी त्यासाठी रत्नागिरी-ओरोसला खेपा मारायची गरज नाही. अपघात खेडजवळ झाला तरी राहत्या ठिकाणच्या, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. आणि ते बिनविम्याचं वाहन पुरेशी हमी घेतल्याशिवाय मालकाला परत देऊ नये, असा अर्ज वकिलाकरवी पहिल्याच आठवड्यात द्या. वाहन एकदा का सुटलं, की मालकावर दबाव टाकायला हातात फारसं काही उरत नाही.