२८ वा दिवस, थॉमसन, पान ओलं

निफाड तालुक्यातल्या आम्हा द्राक्षवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दोनशेच्या आसपास माणसं. मी त्याचा ॲडमिन, म्हणजे रात्री ताटावर बसून एका हाताने फोन चाळणारा. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की ग्रुपवर मेसेजचा पूर येतो, आणि त्यातले निम्मे असे असतात:

“सर्व बांधवांना राम राम. यंदा पावसाने नुसता वैताग आणलाय. आमच्या बागेत आठ दिवसांपासून पानांवर काहीतरी आलंय. शेजारच्या आप्पांनी सांगितलं ते औषध मारलं, फरक नाही. मागच्या वर्षी पण असंच झालं, व्यापाऱ्याने भाव पाडला. कर्ज काढून बाग उभी केलीय. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती.”

वाचून जीव हळहळतो, पण उत्तर देता येत नाही. मग सुरू होतं: कितवा दिवस? कोणती जात? काय मारलं होतं? फोटो टाका. फोटो येतो तो अंधारात टॉर्च मारून काढलेला. दोन तास जातात, तोवर बाकीचे कंटाळून झोपतात आणि सकाळी भलत्याच औषधाची बाटली उघडली जाते.

तोच प्रश्न असा लिहा:

“थॉमसन, २८ वा दिवस. पानावर तेलकट डाग, उलटून बघितलं तर पांढरं. काल रात्री पाऊस, सकाळी ९ पर्यंत पान ओलं. २५ व्या दिवशी फवारणी झाली (डब्याचा फोटो खाली). आज काय घेऊ?”

यात एकही शब्द जास्त नाही, आणि उत्तर देणाऱ्याला लागतं ते सगळं आहे. दिवस आधी लिहायचा, कारण आमचं सगळं गणित छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतं. २८ व्या दिवशी घड फुलोऱ्याच्या तोंडावर असतो, ७० व्या दिवशी मणी धरलेला असतो. डाग तोच असला तरी सल्ला वेगळा. ‘मागच्या आठवड्यापासून’ यातून अवस्था कळत नाही.

जात लिहायची, कारण थॉमसन आणि शरद या द्राक्षांच्या जातींचं संजीवकांचं (वाढीच्या औषधांचं) वेळापत्रक एक नसतं. (थोड्या अक्षरांत किती मावतं ते बघायचं तर सोनाका हे द्राक्षाच्या जातीचं नाव बघा. सो सोलापूरचा, ना नान्नजचा, का ही जात काढणाऱ्या काळ्यांचा. गाव, जिल्हा, माणूस, सगळं तीन अक्षरांत.)

पान ओलं होतं की नाही, हे तर सगळ्यात मोलाचं. डाउनी (केवडा) आणि भुरी हे दोन बुरशीचे रोग. डाउनीला ओलं पान लागतं, भुरीला लागत नाही. ही एक ओळ असली की समोरच्याचा निम्मा तर्क तिथेच संपतो.

आता खरी मेख सांगतो. मेसेज लांबतो तो बोटांमुळे नाही, बागेत नीट न बघितल्यामुळे. ‘काहीतरी आलंय’ असं आपण लिहितो तेव्हा आपण पान उलटून बघितलेलं नसतं. वर तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी असेल तर डाउनीचा संशय. राखेसारखी भुकटी दिसली तर भुरीचा. उलटून बघायला अर्धा मिनिट लागतो आणि मेसेजमधल्या चार ओळी उडतात. म्हणून आधी बागेत चक्कर मारा, चार झाडं बघा, मग फोन हातात घ्या. फोटो दोनच: पानाची वरची बाजू आणि खालची, सकाळच्या उजेडात. अकरा फोटोंत एकातच पान असतं, तेही हलत्या हाताने टिपलेलं, आणि बाकीचे दहा आभाळाचे.

औषधाचं ब्रँडचं नाव लिहू नका. ते दुकानागणिक बदलतं. डब्यावर घटकाचं नाव असतं, ते लिहा, किंवा लेबलचाच फोटो टाका.

पण थोडक्यात लिहिताना एकक कधी गाळू नका. याचा धडा मलाच मिळालाय. एकदा घाईत मी उत्तर दिलं, “पोपटी अवस्थेत जीए १०.” पोपटी म्हणजे घड कोवळा, पोपटी रंगाचा असतो ती अवस्था, आणि जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे संजीवक. माझ्या मनात होतं १० पीपीएम, म्हणजे शंभर लिटर पाण्याला १ ग्रॅम. एका तरुण पोराने वाचलं १० ग्रॅम. टाकीत ओतण्याआधी त्याने सहज फोन केला, “दादा, एवढं लागतं का?” नाहीतर दसपट झालं असतं आणि पुढच्या हंगामाच्या घडांपर्यंत त्याचा फटका गेला असता. तेव्हापासून मी संख्येपुढे एकक लिहिल्याशिवाय मेसेज पाठवत नाही. प्रमाण सांगताना ‘लिटरला किती’ आणि ‘एकराला पाणी किती’ दोन्ही लागतं.

उत्तर देणाऱ्यांनाही एक विनंती. ‘मी ही बाग पंचवीस वर्षं करतोय’ हे मेसेजच्या सुरुवातीला नको. उपाय लिहा, आणि आपल्याला नक्की माहीत नसेल तर गप्प बसा. “डॉक्टरांना (म्हणजे द्राक्षाच्या सल्लागारांना) विचारा” हा चार जणांनी टाकलेला मेसेज काहीच सांगत नाही.

काही वेळा मात्र थोडकं असलं तरी चौकट लावू नये. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात एकाने लिहिलं होतं, “गेलं सगळं.” तिथे ‘कितवा दिवस’ असं कोणी विचारलं नाही. आम्ही दोघं गाडी काढून त्याच्या मळ्यावर गेलो.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: सल्ला घेतला की चौथ्या दिवशी एक ओळ टाका. “३२ वा दिवस. नवीन डाग नाही, जुने वाळले.” किंवा “फरक नाही, घडावर गेलंय.” पुढच्या माणसाला विचारावंच लागत नाही. ग्रुपमध्ये शोध घेतला की ती ओळ सापडते, तारखेसकट.