छोट्या कॅटॅमरानचा हॅलयार्ड: दुरुस्ती आणि सुधारणा

मुख्य शीड डोलकाठीवर चढवणारा दोर, म्हणजेच हॅलयार्ड, तुटला की खापर सहसा दोरावर फुटते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा डोलकाठीच्या माथ्यावरील कप्पीपाशी झिजलेला असतो, आणि ती कप्पी तशीच ठेवून कितीही महागाचा नवा दोर ओवला तरी तोही त्याच जागी विरतो. म्हणून दुरुस्तीची सुरुवात दोराच्या वाटेपासून करावी.

छोट्या कॅटॅमरानची, म्हणजे दोन सांगाड्यांच्या शिडाच्या नौकेची, डोलकाठी सहज आडवी करता येते. ती उभी ठेवून हे काम करण्यात शहाणपण नाही. मात्र काठी उतरवण्यापूर्वी आणि पुन्हा उभी करण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आवर्जून पाहावे, कारण ॲल्युमिनियममधून वीज सहज वाहते. काठी आडवी झाली की कप्पी बोटाने फिरवून पाहावी. ती अडखळत असेल, अक्षावर डुगडुगत असेल किंवा तिची कड खरबरीत लागत असेल, तर ती बदलावी. पूर्वी पोलादी तारेचा हॅलयार्ड असेल, तर कप्पीची खोबण अरुंद असते आणि तिच्यात दोर पाचरीसारखा रुतून चेपतो. अशा वेळी रुंद, गोल खोबणीची कप्पी घेणे भागच आहे. उरलेली वाट तपासायला कापसाचा बोळा पुरतो: दोर जिथे जिथे धातूला घासतो तिथून तो फिरवावा, आणि तंतू अडकतील ती जागा बारीक कानशीने गुळगुळीत करावी.

जुना दोर ओढून काढण्याची घाई करू नये. डोलकाठी आतून पोकळ असून दोर तिच्या आतून जात असेल, तर जुन्या दोराच्या टोकाला एक बारीक दोरी जोडून ती आधी ओढून घ्यावी, म्हणजे पुढे तिच्याच आधाराने नवा दोर ओवता येतो. जोडताना दोन्ही टोके एकमेकांवर न ठेवता समोरासमोर भिडवावीत, जाड सुईदोऱ्याने चार-पाच टाके घालावेत आणि मगच चिकटपट्टी गुंडाळावी. मी एकदा ओलसर दोरावर नुसत्या चिकटपट्टीवर विसंबलो. जोड काठीच्या मधोमध सुटला, आणि वाकवलेल्या तारेने ते टोक पकडण्यात अर्धा दिवस गेला.

नवा दोर निवडताना ताकदीचा आकडा दिशाभूल करतो. ५ मिमी जाडीचा डायनीमा, म्हणजे अतिमजबूत पॉलिएथिलीन तंतूंचा दोर, दोन टनांहून अधिक ताण सहन करतो, आणि छोट्या नौकेला तेवढी गरज कधीच पडत नाही. हॅलयार्डचा खरा गुण ताणल्यावर न लांबणे हा आहे. एका सांगाड्याची नौका झोत आला की कलते आणि वाऱ्याचा काही जोर सोडून देते, तर दोन सांगाड्यांवर रुंद बसलेली कॅटॅमरान फारशी कलत नसल्यामुळे तो सारा भार शीड आणि दोर यांच्यावर येतो. साधा पॉलिस्टर दोर अशा वेळी लांबतो, शिडाचा माथा खाली सरकतो, पुढच्या कडेवर आडव्या सुरकुत्या पडतात आणि शिडाचा फुगवटा नको तेव्हा मागे जातो.

डायनीमाचा गाभा आणि पॉलिस्टरचे वेष्टन असलेला दोर मला सर्वांत योग्य वाटतो. उघडा डायनीमा निसरडा असतो, क्लीटमध्ये (दोर अडकवून धरणाऱ्या पकडीत) नीट धरत नाही आणि साधारण १५० अंश सेल्सिअसलाच वितळतो. पॉलिस्टरला २५० अंशांहून अधिक उष्णता लागते. जाडी हाताला आणि क्लीटला मानवेल अशी, म्हणजे साधारण ६ ते ८ मिमी घ्यावी. वजन कमी करायचे असल्यास, शीड पूर्ण चढल्यावर क्लीटच्या वर राहणाऱ्या भागाचे वेष्टन सोलून काढता येते.

शॅकलच्या, म्हणजे शिडाला जोडणाऱ्या कडीच्या, टोकाला गाठ न मारता स्प्लाइस करावा, म्हणजे दोर त्याच्याच विणीत ओवून जोडावा, कारण गाठीने डायनीमाची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते आणि गाठ सरकण्याची भीती राहते. सोललेल्या गाभ्याचे टोक त्याच्याच पोकळ विणीत जाडीच्या सुमारे ७२ पट, म्हणजे ५ मिमी गाभ्यासाठी ३६ सेंमी, आत घालावे. शेवटी काही धागे कापून ते निमुळते करावे आणि आरपार टाके घालून पक्के करावे.

शिडावर १०० किलोचा ताण हवा असेल, तर साध्या हॅलयार्डमध्ये खाली येणारा दोरही १०० किलोने ओढतो आणि घर्षण सोडल्यास काठीवर २०० किलोचा दाब पडतो. शिडाच्या माथ्यावर कप्पी लावून दोराचे टोक काठीच्या माथ्याला बांधले, तर हाताला ५० किलोच ओढावे लागतात आणि दाब १५० किलोवर येतो. बदल्यात काठीच्या उंचीच्या सुमारे तिप्पट दोर लागतो. माथ्यावर शीड अडकवून ठेवणारा लॉक बसवला, तर दाब १०० किलोच राहतो, आणि माझ्या मते खर्च करायचाच असेल तर तो इथेच करावा.

दोर कापताना अर्धा मीटर जास्त ठेवावा, म्हणजे कप्पीवर टेकणारा भाग झिजू लागला की जुना स्प्लाइस कापून नवा करता येतो आणि झीज दुसऱ्या जागी जाते.