रेडिएटरमध्ये चहा झालाय? पिकअपची कूलिंग सिस्टीम धुण्याची रीत

"दादा, रेडिएटरमध्ये चहा झालाय."

धाकट्याचा फोन खंबाटकी घाटातून होता. पुण्याहून साताऱ्याकडे पोल्ट्रीच्या खाद्याची पोती भरून निघालेला, चढावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला म्हणून गाडी कडेला घेतली. शहाण्यासारखा तासभर थांबला आणि मग कॅप उघडली. कॅपच्या आतल्या बाजूला बोटभर जाडीची तपकिरी साय होती. त्याने पाठवलेला फोटो पाहून आईने विचारलं, कॉफी कुणी सांडली?

गाडी गॅरेजला ओढून नेली. तिथे पाइप लावून दोनदा पाणी मारलं, नवं हिरवं कूलंट (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळायचं द्रव) भरलं, बिल हातात दिलं. नवव्या दिवशी पुन्हा चहा. आजार होता ऑइल कूलरमध्ये (इंजिनाचं ऑइल कूलंटच्या पाण्याने थंड करणारा भाग) आणि तो कुणी उघडून पाहिलाच नव्हता. गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. दुसऱ्या खेपेला काम मी स्वतः केलं, एका ओळखीच्या जुन्या फिटरला शेजारी बसवून. त्यातून शिकलेली रीत खाली देतोय. पाना धरता येत असेल आणि एक अख्खा रविवार मोकळा असेल, तर तुम्हालाही जमेल.

आधी घाण वाचा

गाडी पूर्ण थंड झाल्याशिवाय कॅपला हात लावू नका. वरचा होस पाइप दाबून बघा. टणक लागला तर आत दाब आहे, थांबा. उकळतं पाणी तोंडावर उडून भाजलेली माणसं हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला माहीत असतात.

कॅप उघडल्यावर आतला थर बोटावर घ्या आणि चोळा. तांबूस आणि खरखरीत लागला तर तो गंज. नुसतं पाणी भरून चालवलेल्या गाडीत हाच निघतो. पांढरट, खडूसारखा कडक पापुद्रा म्हणजे क्षार, बोअरच्या पाण्याची देणगी. चहाच्या रंगाचा, बुळबुळीत आणि पाण्याने न जाणारा असेल तर ऑइल. जेलीसारखा गोळा दिसला तर बहुतेक दोन वेगवेगळ्या जातींची कूलंट एकमेकांत मिसळली आहेत. आणि पिवळा चोथा निघाला तर विचारायची गरजच नाही, कुणीतरी गळती बुजवायला हळद टाकली आहे. आपल्याकडचा हा जुना उपाय रस्त्यात अडकल्यावर घरापर्यंत पोचवतो खरा, पण नंतर तीच हळद रेडिएटरच्या जाळीच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते.

ऑइल निघालं असेल तर ते आलं कुठून, हे शोधल्याशिवाय धुवायला घेऊ नका. डिझेल इंजिनात संशयित मुख्यतः दोन: ऑइल कूलर आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग). गाडी पळत असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून कूलर आतून फुटला की आधी ऑइल पाण्यात शिरतं आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) कित्येकदा साफच दिसते. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. हेड गॅस्केटची खूण वेगळी. थंड गाडी चालू करताच मिनिट-दोन मिनिटांत वरचा पाइप टणक होतो, कूलंटच्या जादा बाटलीत बुडबुडे येतात ते थांबतच नाहीत, कधी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तिसरा संशयित म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल, कारण ते थंड करणारी नळी बऱ्याचदा रेडिएटरच्याच टाकीतून जाते. तेव्हा साय गुलाबीसर दिसते.

डिपस्टिकवरही दुधट फेस असेल तर इंजिन चालूच करू नका. बेअरिंगला पाणी मिसळलेलं ऑइल पाजणं म्हणजे इंजिन उतरवायची तयारी. आधी दोष दुरुस्त, मग ऑइल आणि फिल्टर बदली, त्यानंतर धुणं.

सामान

मोठी घमेली दोन, झाकणाचे रिकामे कॅन, होस क्लिपसाठी स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड, रबरी हातमोजे. ऑइल असेल तर डिशवॉशर यंत्रात घालायची पावडर. भांडी घासायचा साधा लिक्विड साबण नको, त्याचा इतका फेस होतो की वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) पाण्याऐवजी फेसच फिरवत बसते. गंज किंवा क्षार असतील तर सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते. शेवटी भरायला डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते. आणि कूलंट, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचं. कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे अमुक, लाल म्हणजे तमुक असा कुठला पक्का नियम नाही, कंपन्या हवा तो रंग घालतात.

नवीन थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापल्यावरच पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) आणि कॅपही आधीच आणून ठेवा.

पाणी काढणं

गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा. कॅप काढा आणि खालचा नळ किंवा खालचा होस सोडा. बहुतेक जण इथेच थांबतात, पण इंजिन ब्लॉकमध्ये बरंच पाणी अडकून राहतं. ब्लॉकला ड्रेन बोल्ट असेल आणि हात पोचत असेल तर तोही सोडा. निघालेलं पाणी लिटरवर मोजून ठेवा, पुढे उपयोग आहे.

हे पाणी गटारात, शेतात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री आणि लहान मुलं त्याला फसतात. कॅनमध्ये भरून, झाकण लावून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या. ऑइल धुताना निघणारे पहिले दोन-तीन पाणीही त्यातच.

आता थर्मोस्टॅट काढून त्याचं घर (ज्यात तो बसतो तो भाग) रिकामंच परत बसवा. वॉल आत राहिला तर इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे वळतच नाही.

आधी ऑइल, मग गंज

हा क्रम उलटा करू नका. तेलकट थरावर ॲसिड चढत नाही. आणि पावडर व ॲसिड एकाच वेळी घातले तर एकमेकांना मारतात.

गरम पाण्याच्या बादलीत साधारण १०० ग्रॅम पावडर पूर्ण विरघळवा, रेडिएटरमध्ये ओता, वर साधं पाणी भरा. हीटर असेल तर त्याचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटरच्या जाळीतली घाण तशीच राहील. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) पंधरा-वीस मिनिटं चालवा. थर्मोस्टॅट नसल्याने ते लवकर तापत नाही, म्हणून रेडिएटरसमोर पुठ्ठा लावायचा. ही फिटरची युक्ती. मात्र काट्यावरची नजर हलवू नका. नंतर इंजिन बंद करा, हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर पाणी सोडा. गार होऊ दिलंत तर साय परत भिंतींना चिकटते. पावडर अल्कलीची असते, ॲल्युमिनियमला रात्रभर तिच्यात भिजवायचं नाही.

एका धुण्यात काम होईल ही आशा सोडा. आमच्या गाडीला पावडरचे पाच पाणी लागले. पहिल्याचा रंग चहाचा, तिसऱ्याचा ताकाचा, पाचव्याला घमेल्याचा तळ दिसला. त्यानंतर साध्या पाण्याचे दोन.

बाटली वेगळी काढून धुवा. आत हात जात नाही, तेव्हा गरम पाणी, थोडी पावडर आणि मूठभर तांदूळ घालून खडखडवा. तांदळाचा एकही दाणा आत राहता कामा नये.

होस पाइप हातात घेऊन दाबा. ऑइल लागलेलं रबर फुगतं, मऊ आणि चिकट होतं. तसे असतील तर बदलाच. धुऊन ते पूर्वीसारखे होत नाहीत.

गंज आणि क्षारांसाठी लिटरमागे ३० ते ४० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून भरा. इंजिन अर्धा तास चालवा, कोमट झालं की काढा. पाणी विटकरी निघालं तर पुन्हा एकदा. मग दोन चमचे खाण्याचा सोडा घातलेलं एक पाणी फिरवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. त्यावर साधं पाणी, ते स्वच्छ येईपर्यंत. एक आधीच सांगून ठेवतो: जुन्या रेडिएटरची भोकं कधीकधी क्षारांनीच बुजलेली असतात. क्षार गेले की तो गळायला लागतो. तुम्ही काही बिघडवलेलं नसतं.

दोन्ही होस काढून रेडिएटरला खालून वर पाणी मारलं की अडकलेले तुकडे उलटे बाहेर येतात. बागेच्या पाइपाचा दाब पुरे, सर्व्हिसिंगचा पंप नको. बाहेरची जाळीही इंजिनाकडून पुढच्या दिशेने धुवा. आमच्या जाळीतून भुसा, पाचोळा आणि किड्यांचा अर्धा मग भरेल इतका ऐवज निघाला. एवढं करूनही पाणी नीट उतरत नसेल आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल, तर रेडिएटरवाल्याकडे टाकी उघडून रॉडिंग (सळईने नळ्या मोकळ्या करणं) करून घ्या. प्लॅस्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला बदलण्यावाचून इलाज नाही.

भरणं

सगळ्यात शेवटचं पाणी डिस्टिल्डचं फिरवा आणि सोडा. आता नवा थर्मोस्टॅट. त्याला छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, तिथून हवा निघते.

ब्लॉकमध्ये थोडं पाणी अडकलेलंच असतं. त्यामुळे तयार मिश्रण भरलं की ते आणखी पातळ होतं. म्हणून घट्ट, पाणी न मिसळलेलं कूलंट आणा. समजा पुस्तिकेप्रमाणे सिस्टीम ९ लिटरची आहे, तर आधी साडेचार लिटर कूलंट घाला आणि वर मावेल तेवढं डिस्टिल्ड. आपोआप निम्मं-निम्मं होतं. मघाशी मोजलेलं पाणी ९ पेक्षा जितकं कमी भरलं, तितकं आत अडकून आहे असं समजा.

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?" हे मी गॅरेजमध्ये शंभरदा ऐकलंय. १ बार दाब धरणाऱ्या कॅपखाली साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, निम्म्या कूलंटचं मिश्रण आणखी सात-आठ अंश वर. घाटात लोड असताना तेवढीच फट कामाला येते. शिवाय गंज रोखणारी रसायनं कूलंटमध्येच असतात, पाण्यात नाहीत.

हवा काढायला गाडीचं नाक चढावर ठेवा. कॅप उघडी, हीटर गरमवर, इंजिन आयडलवर. वरचा होस हाताने दाबत राहा, पंख्यापासून बाही आणि बोटं लांब ठेवून. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. वरचा पाइप गरम झाल्यावर थोड्या वेळाने खालचा कोमट लागला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. मग कॅप लावा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा छापलेला असतो, तो जुन्याशी जुळवा. कॅपमधला छोटा व्हॅक्यूम वॉल अडकला तर गाडी थंड झाल्यावर वरचा होस पिचकलेला दिसतो. बरेच जण त्यासाठी उगाच होस बदलतात.

पहिली फेरी गावातल्या गावात, रिकाम्या गाडीची. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा, थोडी उतरलेली असेलच. आठवडाभर रोज सकाळी कॅपची आतली बाजू पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पुसट तेलकट डाग येऊ शकतो, कोपऱ्यातलं उरलेलं असतं ते. पण डाग दिवसागणिक वाढत गेला तर मूळ गळती अजून चालू आहे, सरळ गॅरेज गाठा. पुढची बदली पुस्तिकेप्रमाणे. साध्या कूलंटला बहुधा दोन वर्षं, लांब मुदतीच्याला चार-पाच.

धाकट्याच्या सीटमागे पाच लिटरचा निळा कॅन असायचा, बोअरच्या पाण्याने भरलेला. काटा जरा वर गेला की त्यातून एक लोटा, असं वर्षभर चाललं होतं. तो कॅन आता गोठ्यात गेला. त्या जागी निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा कॅन आहे. वर मी मार्करने लिहिलंय, "पिऊ नये". खाली धाकट्याने लिहिलंय, "दादाला विचारून ओतावे".